मूठभर जुनं भरण

सीट इथं टेबलावर ठेवा. कातडं चांगलं आहे, ते मी वाचवीन. स्प्रिंगाही बघते. पण आतलं जुनं भरण सगळं काढून टाकणार आणि त्यातलं कणभरही नव्यात घालणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुम्ही जाणकार आहात म्हणून विचारलंत. बाकीच्या गिऱ्हाइकांना आत काय भरलंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. बसायला मऊ लागलं की झालं.

तुमचं बरोबर आहे, आमच्या धंद्यात तशी पद्धत आहे. जुनी सीट नव्यानं भरताना जुन्या भरणातली एक मूठ बाजूला ठेवायची आणि नव्याच्या मधोमध दाबायची. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते उस्ताद म्हणायचे, त्यानं सीट माणसाला परकी वाटत नाही. मीही इतकी वर्षं डोळे झाकून तेच करत आले. आता करत नाही. बसा, चहा घ्या. दिवे लागेपर्यंत दुकान उघडं आहे, तेवढ्यात सांगून होईल. त्यानंतर मला थांबता येत नाही.

माझा मोठा भाऊ लेथवर काम करायचा. त्याला एकच नाद, जुन्या गाडीचा. गर्द हिरवी, दोन माणसांची, कापडी छताची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. तिचा सांगाडा त्यानं कुठूनसा ओढून आणला तेव्हा वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. मग एकेक भाग शोधत, घासत, नसेल तो स्वतः लेथवर कातून काढत त्यानं ती उभी केली. त्यात त्याचे केस पांढरे झाले. या लोकांचं एक वेड असतं, तुम्हाला माहीतच आहे. भाग अस्सल हवा. नवा, चांगला, चकचकीत भाग समोर ठेवला तरी त्याला हात लावायचे नाहीत, गंजलेला अस्सल भाग छातीशी धरून घरी आणतील. एके दिवशी असाच तो दोन सीटा घेऊन दुकानात आला. कातडं तडकलेलं, आत ओल, कसलासा कुबट वास आणि त्याखाली अगदी पुसट, अंगाला लावायच्या पावडरीचा. एक वर्कशॉप बंद पडलं तिथून आणल्या म्हणाला. मी कातडं तेल पाजून मऊ केलं, स्प्रिंगा बदलल्या, घोड्याच्या केसांचं नवं भरण भरलं आणि दोन्ही सीटांच्या मधोमध एकेक मूठ जुनं घातलं. सवयच ती. हात आपोआप गेला.

सीटा अशा कडक आणि सपाट झाल्या की वर पेला ठेवला तर पाणी हललं नसतं.

गाडी तयार झाली आणि दादा आडवा झाला. छातीचं दुखणं, ऑपरेशनशिवाय इलाज नाही असं डॉक्टर म्हणाले आणि तारीख पडली ती नेमकी प्रदर्शनाच्याच दिवशीची. जुन्या गाड्यांचं हे मोठं प्रदर्शन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला भरतं. त्याचा नियम असा की गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे, ट्रकवर लादून आणलेली चालत नाही. शिवाय आदल्या दिवशी दिवे लागायच्या आत फाटकातून आत यायचं. दादा खाटेवर पडल्या पडल्या सगळ्यांना सांगायचा की गाडीचं राहू दे, पुढल्या खेपेला बघू. वहिनीनं मला वॉर्डाबाहेर गाठलं.

"तो घाबरलाय," ती म्हणाली. "कबूल करत नाही. पण पुढल्या खेपेला म्हणतो तेव्हा माझ्याकडे बघत नाही."

दुकानातली डिलिव्हरी व्हॅन मीच चालवायचे, आणि दादाची गाडीही गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलेली होती. दुसरं कोण होतं? दादा आधी हसला. माझी उंची बघताय ना, तो मला लहानपणापासून बुटकी म्हणतो. तुझे पाय पोचतील का पेडलपर्यंत, म्हणाला. मग बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला की गाडी रांगेत उभी राहिलेला फोटो पाठव, म्हणजे मी निवांत आत जाईन. मी त्याला शब्द दिला.

पाय पोचावेत म्हणून पाठीशी एक जाड उशी लावली आणि निघाले.

लांबच्या प्रवासाला जुनी स्पोर्ट्स कार नेऊ नये. चित्रात छान दिसतं ते. खरं म्हणजे त्यात वारा कानात ओरडत असतो, इंजिनाची धग पायावर येते, रस्त्यावरचा खडान्‌खडा कमरेत कळतो. आणि तो गिअर! जुनी पद्धत, क्लच दोनदा दाबायचा, मध्ये ॲक्सिलरेटरला हलकेच टोचायचं, मग गिअर टाकायचा. मला काही केल्या ते जमेना. दर वेळी खर्रकन आवाज यायचा आणि मी मनातल्या मनात दादाची माफी मागायचे. आदले कित्येक दिवस दवाखाना आणि दुकान अशा खेपा घालून मी आधीच थकलेली. पहिल्या दिवशीच्या मुक्कामाला पोचले तेव्हा अंगाचा नुसता चोळामोळा झाला होता. लॉजच्या अंगणात गाडी लावली, वर ताडपत्री ओढली, तिची सगळी बटणं लावली आणि बूट न काढता झोपले.

सकाळी ताडपत्री काढली तर बाजूची सीट बसलेली.

तुमच्यासाठी ते 'जरा दबलंय' असेल. माझ्यासाठी नाही. नव्या भरणाच्या सीटवर माणूस तासन्‌तास बसला तर पहिला खड्डा पडतो, आणि तो कसा पडतो ते मला अंधारात हात लावून सांगता येतं. इथं बेताच्या अंगाचं माणूस बसलेलं होतं, जरासं दाराकडे कलून. मी लॉजच्या मॅनेजरला फैलावर घेतलं. हौस म्हणून गाडीत बसून फोटो काढणारे लोक मी काही कमी पाहिलेले नाहीत. तो बिचारा शपथा घ्यायला लागला. ताडपत्रीची बटणं तुम्हीच आता उघडलीत ना मॅडम, म्हणाला. ते खरं होतं. मी सीट हातानं थोपटून सारखी केली आणि निघाले. अजून निम्मा देश पार करायचा होता आणि भांडायला अंगात त्राणही नव्हतं.

त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरून आलेलं होतं. ऊन नाही, पाऊस नाही, नुसता एक राखाडी उजेड, त्यात सकाळ कुठं संपली आणि दुपार कुठं लागली कळेना. सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळी रानं. डोळ्यांवर झापड यायला लागली. एकदा मी दचकून भानावर आले तेव्हा मधला बराचसा रस्ता मला आठवतच नव्हता. एक गाव मागं पडलेलं होतं, ते मी पाहिलेलं नव्हतं. पण गाडी आपल्या बाजूनं, व्यवस्थित, वेगात चाललेली. कडेला थांबले, तोंडावर पाणी मारलं.

आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मला समोरचं दिसेना. बॉनेटच्या वरून बघायला मान ताणावी लागत होती. आदल्या दिवशी तर नीट दिसत होतं. मला वाटलं, मीच खचलेय, पाठीत ताठ बसायचं बळ राहिलं नाही. पांघरूण घडी करून खाली घेतलं आणि वर बसले. दुपारी त्यावर माझा स्वेटर ठेवला. तरी पुन्हा मान ताणणं सुरूच.

माझं सगळं लक्ष बाजूच्या सीटकडे होतं ना. तो खड्डा परत पडला होता. मी बघत असताना पडला म्हणायला हवं, पण मी रस्त्याकडे बघत होते. एकदा बघितलं तेव्हा सपाट, पुन्हा बघितलं तेव्हा नाही. गाडी वळली की कातडं करकरायचं. रिकाम्या सीटचं कातडं करकरत नाही हो. त्याला वर वजन लागतं. आणि उघड्या गाडीत, एवढ्या वाऱ्यात, मला तो पुसट पावडरीचा वास येत होता.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? दादा. मला वाटलं, दादा गेला आणि इथं येऊन बसला. पावडरीचा वास त्याचा कसा असेल एवढंही सुचलं नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी लावली आणि फोन केला. वहिनीनं उचलला. तिच्या आवाजावरूनच कळलं की सगळं ठीक आहे, पण मला दादाचा आवाज ऐकायचा होता. ती कुरकुरली, तो आत्ता डोळा लागून उठलाय म्हणाली. मग तिनं फोन त्याच्या कानाला लावला. त्याचा "बोल बुटके" ऐकला आणि मी पंपाच्या भिंतीला टेकून रडले. पंपावरचा माणूस पेट्रोलची नळी हातात धरून दुसरीकडे बघत उभा राहिला.

रडून झाल्यावर मला दुसरा प्रश्न पडला. दादा तिकडे खाटेवर आहे, तर मग...

"दादा, त्या सीटा कुठल्या गाडीतल्या?"

मागं वॉर्डातली ट्रॉली खडखडत गेली.

"अशीच होती," तो म्हणाला. "हाच रंग. घाटातून खाली गेलेली."

"कुणाची?"

"नवरा-बायको होते. याच प्रदर्शनाला निघाले होते... भंगारवाल्यानं सांगितलं. तुला सांगितलं असतं तर तू हात लावला असतास?"

"नसता लावला."

"म्हणून वर्कशॉपची थाप मारली." त्याला धाप लागली. थोडं थांबून म्हणाला, "तू परत ये वाटल्यास. गाडीचं काय... पुढल्या खेपेला बघू."

त्या क्षणी मला वहिनीचं बोलणं आठवलं. तो तिकडे कुणाकडे बघत नसेल, छताकडे बघत असेल. मी म्हटलं, काही परत येत नाही, फोटोची वाट बघ. घाट कुठला ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पुढं एकच घाट होता.

पायथ्याशी पोचले तोवर धुकं उतरलेलं. दुपार कलली होती, पण संध्याकाळ व्हायला अवकाश होता. तरी पुढच्या चाकांपलीकडचं दिसेना. बाहेर सगळं पांढरं, ओलं आणि गप्प. इंजिनाचा आवाजही कुणी कापडात गुंडाळल्यासारखा येत होता. मी बाजूला बघायचं नाही असं ठरवलं. पण बघायची गरज नव्हतीच. डावं वळण आलं की बाजूचं कातडं करकरायचं, उजवं आलं की पुन्हा. जसं एखादं माणूस दाराची कडी धरून, पाय रोवून बसतं तसं. घाबरलेलं माणूस बसतं तसं.

मला तिची भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, दया आली. मी म्हटलं, "बाई, बसा नीट. मी हळू नेते." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

आता पुढचं नीट ऐका. मी हळू नेत नव्हते.

हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. गाडी वळणं घेत होती ती मला झेपणार नाही अशा वेगानं, आणि सफाईनं. गिअर पडत होते. खर्रकन आवाज नाही, धक्का नाही, लोण्यात सुरी जावी तसे. क्लच दोनदा दाबला जात होता, मधली ती हलकी टोचणी अचूक पडत होती. पाय माझेच होते, पेडलवर होते. प्रत्येक वळणाआधी हॉर्न वाजायचा, दोनदा, तोकडा. माझा अंगठा हॉर्नवर होता खरा. पण मी घाटात हॉर्न वाजवायचे तर एकच, लांबलचक, व्हॅनची सवय. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. इतकी दमलेली होते की कुणीतरी काम हातातून काढून घ्यावं तसं वाटलं. आपल्याला जमायला लागलं, दादाला सांगायला हवं, असं काहीबाही मनात येत होतं आणि डोळे मिटत होते.

डावं, उजवं, परत उजवं, मग एक लांबच लांब डावं वळण. आणि त्याच्या शेवटी धुक्यातून एकदम कठडा समोर आला. मधोमध तुटलेला. त्या खिंडारातून पलीकडचं पांढरं नुसतं वर वर येत होतं. बाजूची सीट खोल खचली, स्प्रिंगांचा आवाज मी कानांनी ऐकला. हॉर्न दोनदा वाजला. चाक फिरलं. मी फिरवलं असं म्हणवत नाही, माझे हात त्याच्यावर होते एवढंच. मागचं चाक खडीवर घसरलं, सावरलं, आणि खिंडार मागं गेलं.

त्यानंतर रस्ता उताराला लागला. धुकं विरळ झालं.

दिवे लागायला थोडाच वेळ होता तेव्हा प्रदर्शनाच्या फाटकातून आत शिरले. मोठं मैदान, गाड्यांच्या रांगा, लोक फडक्यांनी बॉनेट पुसतायत. मला जागा दाखवली तिथं गाडी लावली, इंजिन बंद केलं. त्या शांततेत बाजूच्या सीटमधून एक उसासा आला. भरण वर येताना त्यातली हवा अशी सुटते, रोज ऐकते मी. माझ्या डोळ्यांदेखत तो खड्डा भरत भरत आला आणि सीट सपाट झाली. पावडरीचा वासही गेला. मी उतरून, का कोण जाणे, पलीकडे गेले आणि त्या बाजूचं दार उघडून धरलं. थोडा वेळ तशीच उभी राहिले. मला फार बरं वाटलं. पोचली बिचारी, असं वाटलं.

फोटो काढला, पाठवला. वहिनीनं कळवलं की तो फोटो बघून तो पहिल्यांदाच पोटभर जेवला.

गाडी तपासायला परीक्षक आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. दादाला आत नेलं होतं त्याच वेळी. म्हातारे, हसरे गृहस्थ होते. बाजूच्या सीटवर त्यांनी तळवा दाबला, खूश झाले. नव्यानं भरलीय पण काम जुन्या पद्धतीचं आहे, म्हणाले. मग दुसऱ्या बाजूला जाऊन त्यांनी चालकाच्या सीटवरचं पांघरूण आणि स्वेटर उचलला, आणि त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला म्हटलं तरी चालेल.

"ही मात्र फार बसलीय," ते म्हणाले. "नेहमी कोण चालवतं? चांगला भारी माणूस दिसतो."

मी म्हटलं, मीच आणली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

मी तिथंच उभी. सीटमध्ये रुंद पाठीचा, जाड मांड्यांचा खड्डा होता. रात्रभर गाडीत कुणी बसलेलं नव्हतं, तरी तो वर आलेला नव्हता. बायको उतरली होती. तो उतरला नव्हता. आणि मी दिवसभर उशी लावून, पांघरूण घालून, मान ताणून कुणाच्या मांडीवर बसून आले होते, ते मला तेव्हा कळलं. मला मैदानाच्या कडेला जाऊन उलटी झाली.

तेवढ्यात फोन आला. ऑपरेशन नीट पार पडलं.

परत येताना गाडी मी ट्रकवर लादली आणि स्वतः बसनं आले. दादाला सांगितलं की क्लच गेला. घरी आल्या आल्या चालकाची सीट काढून दुकानात आणली आणि शिवण उसवली. मूठभर जुनं भरण उचलून फेकायचं, एवढंच काम होतं. पण आत मूठभर नव्हतं. मी स्वतः भरलेले नवे, कुरळे, करडे केस कुठंच नव्हते. सगळी सीट काठोकाठ जुन्या भरणानं भरलेली होती, काळ्या, ओल्या, कुबट. ते सगळं काढलं आणि परसात जाळलं. बाजूच्या सीटमधलीही मूठ काढली, तिथं ती होती तशीच होती. दोन्ही सीटा कोऱ्या भरणानं भरल्या आणि उस्तादांची पद्धत आयुष्यात पहिल्यांदा मोडली. चालकाची सीट कडक, सपाट. रोज जाऊन हात लावून बघायचे. सपाटच. मी निर्धास्त झाले.

दादा घरी आला. गाडी चालवायची नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, पण गॅरेजात जाऊन नुसतं बसायला काय हरकत आहे, असं वहिनीलाही वाटलं, मलाही. इतकी वर्षं त्यानं जीव ओतला होता तिच्यात. तो बाजूच्या सीटवर बसायचा. तिकडे पाय पसरता येतात म्हणायचा.

एके दिवशी मी त्याच्या गोळ्या घेऊन गेले. दिवे लागायची वेळ होती. तो डोळे मिटून बसलेला, अंगावर शाल.

"आलीस होय?" तो म्हणाला. "मला वाटलं, तू कधीचीच बसलीयस शेजारी."

मी चालकाच्या सीटकडे बघितलं. कोरं भरण होतं, माझ्या हातचं. खड्डा खोल होता.

मी म्हटलं, दादा, ऊठ, आत चल. त्यानं डोळे उघडले नाहीत.

"थांब गं जरा... वळणं तेवढी संपू देत."

गाडी जागच्या जागी उभी होती. दादानं दाराची कडी घट्ट धरली होती आणि तो हळूच डावीकडे कलला. मग उजवीकडे. वहिनीला हाक मारली आणि आम्ही त्याला कसंबसं ओढून बाहेर काढलं. एवढा वाळलेला माणूस, पण आधी दोघींना मिळूनही तो हलेना, इतका जड झाला होता. दुसऱ्याच दिवशी मी गाडी पार तोडून टाकायला लावली, सीटांसकट. मला वाटलं होतं दादा रडेल, तर तो म्हणाला, गाडीचं काय एवढं.

म्हणून सांगते, तुमच्या या सीटमधलं जुनं मी सगळं फेकून देणार. त्याचा उपयोग होतो की नाही, मला माहीत नाही. आमच्याकडे तर गाडीही राहिली नाही. पण अजून रोज दिवे लागायच्या सुमाराला दादा जेवणाच्या टेबलापाशी आपल्या खुर्चीत बसतो, खुर्चीचा दांडा धरतो, डोळे मिटतो आणि कलतो. सुरुवातीला एकदाच कलायचा, डावीकडे, आणि जागा व्हायचा. मग डावीकडे आणि उजवीकडे. मग परत उजवीकडे. मी त्या रस्त्यानं आलेय, ती वळणं मला ओळखू येतात. काल तो डावीकडे कलला तो कितीतरी वेळ तसाच राहिला. त्या वळणाच्या टोकाला तो तुटका कठडा आहे.

चहा गार झाला तुमचा, राहू दे. शटर तेवढं खाली ओढायला हात लावाल का? मला घरी जायला हवं. आज मी त्याच्या शेजारी बसणार आहे.